तिरळेपणा आणि द्विनेत्री दृष्टीचे विकार

तिरळेपणा म्हणजे दोन्ही डोळ्यांची नजर एकाच वेळी एकाच वस्तूवर न रोखली जाण्याची अवस्था होय. वैद्यकात या अवस्थेला स्ट्रॅबिस्मस म्हणतात. एक डोळा समोरच्या वस्तूकडे पाहत असताना दुसरा नाकाकडे, कानाकडे, वर किंवा खाली वळलेला असतो. हा दोष सदैव दिसतो, किंवा थकवा, ताप, उन्हाची तिरीप अशा प्रसंगी अधूनमधून दिसतो. तिरळेपणा हा द्विनेत्री दृष्टीच्या, म्हणजे दोन डोळ्यांनी मिळून एक चित्र पाहण्याच्या क्षमतेच्या विकारांपैकी सर्वांत सहज लक्षात येणारा विकार आहे. मंददृष्टी, अभिसरणाचा अपुरेपणा, नेत्रस्नायूंचा पक्षाघात आणि नेत्रदोलन हे त्याच कुळातील इतर विकार होत. जगभरच्या पाहण्यांनुसार साधारण २ ते ४ टक्के मुलांत तिरळेपणा आढळतो.

हा विकार चेहऱ्यावर दिसत असल्यामुळे तो रूपाचा दोष समजला जातो आणि त्याचा विचार बहुधा लग्नाच्या वयात सुरू होतो. वस्तुतः तो दृष्टीचा दोष आहे. त्यातील मुख्य हानी बालपणीच, आणि बहुधा कोणाच्याही नकळत होते.

शब्द व समजुती

प्रमाण मराठीत 'तिरळा' हा शब्द रूढ आहे. बोलीत 'चकणा' आणि जुन्या मराठीत 'हेकणा' असेही शब्द आढळतात. संस्कृतात तिरळ्या व्यक्तीस 'केकर' म्हणत. 'काणा' या शब्दाचा अर्थ मात्र वेगळा असून तो एका डोळ्याने आंधळ्या व्यक्तीसाठी वापरला जातो. बोलण्यात या दोन शब्दांची गल्लत होते. योगायोग असा की, उपचार न झालेला बालपणीचा तिरळेपणा मुलाला व्यवहारतः एकाच डोळ्यावर आणून ठेवू शकतो.

किंचित तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण आहे, ही समजूत महाराष्ट्रात आणि भारताच्या इतर भागांतही आढळते. 'मूल मोठे झाले की डोळा आपोआप सरळ होतो' ही दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण तिला अर्धा आधार आहे. नवजात बालकाचे डोळे पहिले दोन-तीन महिने इकडेतिकडे भरकटतात आणि पुढे स्थिर होतात. शिवाय लहान मुलांचे नाक बसके असते आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर कातडीची घडी असते. त्यामुळे डोळे सरळ असूनही आत वळल्यासारखे दिसतात. याला आभासी तिरळेपणा म्हणतात आणि नाक वर आल्यावर तो खरोखरच नाहीसा होतो. शेजारच्या मुलाचा डोळा 'आपोआप' सरळ झाल्याच्या गोष्टी बहुधा अशाच असतात. खरा तिरळेपणा आणि आभासी तिरळेपणा घरच्या घरी खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर तपासणी आवश्यक ठरते.

दोन डोळे, एक चित्र

मनुष्याच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत प्रौढपणी साधारण सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते. हाताचे बोट नाकासमोर धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला असता बोट पार्श्वभूमीवर सरकल्यासारखे वाटते, ते याच फरकामुळे. मेंदू ही दोन चित्रे जुळवून एक करतो आणि त्यांतील फरकावरून खोलीचे ज्ञान मिळवतो. या खोलीच्या जाणिवेस घनदृष्टी किंवा त्रिमितीय दृष्टी म्हणतात. सुईत दोरा ओवणे, पेल्यात पाणी ओतणे, चेंडू झेलणे या क्रियांत तिचा उपयोग होतो. एका डोळ्यानेही सावली, आकार आणि सापेक्ष हालचाल यांवरून अंतराचा अंदाज येतो, म्हणून घनदृष्टी नसलेली माणसे चालतात, धावतात आणि वाहनही चालवतात. जवळच्या, बारीक कामात मात्र त्यांची चूक होते.

चित्रे जुळण्यासाठी दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटलांच्या मध्यबिंदूंवर एकाच वस्तूची प्रतिमा पडावी लागते. हे साधण्यासाठी प्रत्येक नेत्रगोलाला सहा स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरकस. त्यांपैकी वरचा तिरकस स्नायू विशेष आहे. विहिरीवरच्या रहाटाचा दोर जसा कप्पीवरून वळतो, तसा हा स्नायू नाकाकडील एका कूर्चेच्या कडीतून वळून नेत्रगोलावर येतो. त्याला चालना देणाऱ्या चौथ्या मस्तिष्क चेतेचे नावही कप्पीवरूनच पडले आहे. बाहेरचा सरळ स्नायू सहाव्या चेतेच्या ताब्यात असतो आणि उरलेले चार स्नायू तिसऱ्या चेतेच्या. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, यास अभिसरण म्हणतात. त्याच वेळी डोळ्यातील भिंग फुगून प्रतिमा स्पष्ट करते. या दोन क्रिया मेंदूत एकमेकींना बांधलेल्या आहेत. लहान मुलांतील तिरळेपणाच्या एका मोठ्या गटाचे कारण या बांधणीतच आहे.

तिरळेपणाचे प्रकार

डोळा आत वळला तर अंतर्वर्ती, बाहेर वळला तर बहिर्वर्ती आणि वर किंवा खाली गेला तर ऊर्ध्व किंवा अधोवर्ती तिरळेपणा म्हणतात. हे वर्णन झाले. उपचाराच्या दृष्टीने कारण अधिक महत्त्वाचे असते.

जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत दिसणारा मोठ्या कोनाचा अंतर्वर्ती तिरळेपणा बहुधा चष्म्याने सुधारत नाही आणि त्याला शस्त्रक्रिया लागते. दोन ते चार वर्षांच्या वयात, मूल चित्रे आणि अक्षरे न्याहाळू लागल्यावर दिसणारा अंतर्वर्ती तिरळेपणा वेगळा असतो. या मुलांना बहुधा दूरदृष्टितेचा मोठा नंबर असतो. स्पष्ट दिसावे म्हणून ती भिंगावर जास्त जोर देतात आणि त्या जोराबरोबर डोळेही आत ओढले जातात. अशा मुलाला योग्य चष्मा दिला की भिंगावरचा ताण जातो आणि डोळे सरळ होतात. चष्मा काढला की ते पुन्हा वळतात. यावरून 'चष्म्यानेच डोळा बिघडला' असा समज पुष्कळ पालक करून घेतात आणि चष्मा कपाटात ठेवतात. वास्तविक तो चष्मा हाच उपचार असतो.

बहिर्वर्ती तिरळेपणा अनेकदा अधूनमधून दिसतो. मूल दूर पाहताना, दमल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर डोळा बाहेर जातो आणि हाक मारली की सरळ होतो. अशी मुले उन्हात एक डोळा मिटतात. वैशाखाच्या उन्हात सगळेच डोळे बारीक करतात, त्यामुळे हे लक्षण सहज निसटते. नेहमी तोच एक डोळा मिटला जात असेल तर मात्र त्याकडे लक्ष द्यावे लागते.

पक्षाघातजन्य तिरळेपणात स्नायूची चेता बिघडलेली असते. प्रौढांत तो अचानक येतो आणि रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या उतारवयातील व्यक्तींत सहावी चेता दुखावली की डोळा बाहेर वळत नाही. अशी बहुतेक प्रकरणे तीन ते सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. चौथी चेता डोक्याच्या मारामुळे दुखावते. दुचाकीच्या अपघातानंतर जिना उतरताना पायऱ्या दुहेरी दिसण्याची तक्रार यामुळे उद्भवू शकते. हीच चेता जन्मतः दुर्बल असेल तर मूल डोके एका खांद्याकडे झुकवून पाहते. अशा मुलाची मान वाकडी आहे असे समजून मानेवरच उपचार होत राहतात. जुने फोटो चाळले असता डोके नेहमी एकाच बाजूस कललेले दिसते आणि निदानास मदत होते.

तिसऱ्या चेतेचा पक्षाघात झाला तर पापणी खाली येते आणि डोळा बाहेर व खाली वळतो. त्यातच बाहुली मोठी झाली असेल तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा चेतेवर दाबत असण्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था असून रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते. याशिवाय थायरॉइडच्या विकारात नेत्रस्नायू सुजून ताठर होतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात सकाळी सरळ असणारे डोळे संध्याकाळी थकून वळतात.

मुलांच्या बाबतीत एक इशारा स्वतंत्रपणे द्यायला हवा. दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. त्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, आणि त्याखालोखाल तिरळेपणा. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली तर वाट पाहू नये. या कारणासाठी प्रत्येक तिरळ्या बालकाच्या डोळ्याचा आतला पडदा बाहुली मोठी करून तपासला जातो.

मंददृष्टी

मंददृष्टीला अँब्लिओपिया आणि बोलीत आळशी डोळा म्हणतात. यात डोळ्याची रचना निरोगी असते, पण योग्य चष्मा लावूनही त्या डोळ्याला पुरेसे दिसत नाही. 'आळशी' हे विशेषण तसे अन्यायाचे आहे, कारण दोष डोळ्याच्या कामचुकारपणात नसून मेंदूने त्याचा संदेश नाकारण्यात आहे. डोळे दोन दिशांना वळले की मेंदूकडे दोन विसंगत चित्रे येतात. प्रौढाला अशा वेळी दुहेरी दिसते. बालकाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. मुलाला त्रास होत नाही, ते तक्रार करत नाही, आणि त्या डोळ्याची दृष्टी घडायचीच राहून जाते.

तिरळेपणा नसतानाही मंददृष्टी येऊ शकते. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला तर मेंदू स्पष्ट चित्र देणारा डोळा निवडतो. हे मूल दिसायला पूर्णपणे निरोगी असते आणि एका डोळ्याच्या बळावर फळ्यावरचे सर्व वाचते. जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी यांमुळेही मंददृष्टी येते, आणि ती सर्वांत गंभीर असते.

मेंदूतील या घडामोडी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवल्या. पिलाचा एक डोळा आयुष्याच्या आरंभीच्या आठवड्यांत शिवून बंद ठेवला तर पुढे तो उघडूनही मेंदूतील पेशी त्याला प्रतिसाद देत नाहीत. प्रौढ मांजरीवर हाच प्रयोग केला असता असे होत नाही. घडणीचा एक विशिष्ट काळ असतो ही कल्पना त्यातून पक्की झाली. १९८१ साली या दोघांना रॉजर स्पेरी यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणी

तपासणीचा आरंभ प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे मोजण्याने होतो. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचे किंवा वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी 'ई' आकृतीचे तक्ते वापरतात. दुसरा डोळा झाकताना मुलाच्या बोटांच्या फटीतून पाहणे ही नेहमीची अडचण आहे. हाताचा तळवा किंवा चिकटपट्टी वापरली तर ती टळते.

यानंतर डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकून बुबुळावरील चमक कोठे पडते ते पाहतात. सरळ डोळ्यांत ती दोन्ही बाहुल्यांच्या मध्याशी सारख्या जागी पडते. ती मध्यापासून जितकी सरकलेली, तितका तिरळेपणाचा कोन मोठा. दर मिलिमीटरला साधारण सात अंश असा ढोबळ हिशेब असून या पद्धतीस हिर्शबर्ग चाचणी म्हणतात.

झाकण चाचणी ही या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची चाचणी आहे आणि तिला पुठ्ठ्याच्या तुकड्याखेरीज काही लागत नाही. मुलाला समोरच्या खेळण्याकडे पाहायला सांगून एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्याकडे पाहायचे. तो आपल्या जागेवरून हलून खेळण्यावर आला, तर आधी तो खेळण्याकडे पाहत नव्हता, म्हणजे तिरळा होता. नंतर झाकण एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आळीपाळीने नेतात. त्यात एरवी मेंदूने सांभाळून ठेवलेला सुप्त तिरळेपणाही उघड होतो. डोळ्यासमोर काचेचे लोलक धरून ही हालचाल थांबेपर्यंत त्यांची शक्ती वाढवत नेली की कोन मोजता येतो. एक मीटर अंतरावर प्रतिमा एक सेंटिमीटर सरकवणाऱ्या लोलकाची शक्ती एक प्रिझम डायॉप्टर मानतात.

दोन्ही डोळे मिळून काम करतात का, हे पाहण्याच्या चाचण्या मुलांना खेळासारख्या वाटतात. वर्थच्या चार दिव्यांच्या चाचणीत एक लाल, दोन हिरवे आणि एक पांढरा दिवा असतो. उजव्या डोळ्यावर लाल आणि डाव्यावर हिरवी काच असलेला चष्मा घालून ते पाहायचे असतात. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर चार दिवे दिसतात. केवळ उजवा डोळा पाहत असेल तर दोन लाल, केवळ डावा पाहत असेल तर तीन हिरवे, आणि दुहेरी दिसत असेल तर पाच. घनदृष्टीच्या चाचणीत ध्रुवित काचांचा चष्मा घालून माशीचे मोठे चित्र दाखवतात. घनदृष्टी असलेले मूल माशीचे पंख चिमटीत पकडताना कागदाच्या वर, हवेत बोटे नेते. सिनॉप्टोफोर या यंत्रात एका नळीतून सिंह आणि दुसरीतून पिंजरा दाखवतात, आणि सिंह पिंजऱ्यात गेला का असे विचारतात.

मुलाचा खरा नंबर कळण्यासाठी भिंगाचा जोर औषधाने तात्पुरता थांबवावा लागतो. त्यासाठी थेंब किंवा अॅट्रोपिनचे मलम वापरतात. अॅट्रोपिनचा परिणाम एक-दोन आठवडे टिकतो. त्या काळात बाहुल्या मोठ्या दिसतात, उजेड सोसवत नाही आणि जवळचे पुसट दिसते. याची पूर्वकल्पना दिली नाही तर पालक घाबरतात. ताप आला, चेहरा लाल झाला किंवा मूल असंबद्ध बोलू लागले तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते.

उपचार

उपचाराचा क्रम सामान्यतः चष्मा, मंददृष्टीवरील उपचार आणि गरज असल्यास शस्त्रक्रिया असा असतो. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, पण मंददृष्टी जात नाही. म्हणून बहुतेक वेळा आधी दृष्टी आणि नंतर दिशा सुधारली जाते.

नंबरातील फरकामुळे आलेल्या मंददृष्टीत केवळ योग्य चष्मा नियमित वापरल्याने साधारण एक-चतुर्थांश मुलांची दृष्टी काही महिन्यांत पूर्ववत होते. उरलेल्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, जेणेकरून मेंदूला दुसऱ्या डोळ्याचा संदेश स्वीकारावा लागेल. पूर्वी ही पट्टी दिवसभर बांधत. अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधक गटाच्या २००३ सालच्या अभ्यासांनी त्यात बदल घडवला. मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच परिणामकारक ठरली, आणि तीव्र मंददृष्टीत सहा तासांची पट्टी जवळजवळ पूर्ण दिवसाच्या पट्टीइतकी. चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून तो पुसट करणे हा पट्टीचा पर्याय असून मध्यम मंददृष्टीत त्याचा परिणाम सारखाच आढळला आहे. पट्टी चष्म्याच्या काचेला न लावता कातडीला चिकटवायची असते, नाहीतर मूल कडेने पाहते.

पट्टीचा उपचार वैद्यकीय दृष्ट्या सोपा आणि घरात अवघड असतो. मुलाचा चांगला डोळा झाकला की त्याला धूसर जगात ढकलल्यासारखे होते. ते रडते आणि पट्टी ओढून काढते. शाळेत चिडवणारेही असतात. दोन तासांची पट्टी घरी, गोष्टीचे पुस्तक किंवा रंगकाम देऊन लावता येते. शाळा टळते, हाच कमी तासांचा मोठा लाभ म्हणावा लागेल.

'सात वर्षांनंतर काही उपयोग नाही' हे विधान अद्याप ऐकू येते. लवकर उपचार केव्हाही चांगला, परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या अनेक मुलांत, आणि पूर्वी उपचार न झालेल्या काही किशोरांतही दृष्टी सुधारली. वय उलटले म्हणून मुलाला न तपासता परत पाठवणे त्यामुळे समर्थनीय नाही.

शस्त्रक्रियेत बलवान स्नायू नेत्रगोलावर मागे सरकवून सैल करतात, किंवा दुर्बल स्नायूचा तुकडा कमी करून तो ताठ करतात. डोळा बाहेर काढून पुन्हा बसवतात ही भीती सर्वत्र ऐकू येते, पण ती निराधार आहे. डोळा जागेवरच राहतो आणि काम त्याच्या पृष्ठभागावरील स्नायूंवर होते. मुलांत पूर्ण भूल देतात. टाके विरघळणारे असतात आणि लाली काही आठवडे राहते. काही रुग्णांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते, हे आधीच समजावून सांगितलेले बरे. प्रौढांतही शस्त्रक्रिया करता येते. दुहेरी दृष्टी थांबणे, मान सरळ होणे आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येणे यांमुळे तिला केवळ सौंदर्योपचार म्हणता येत नाही.

सान फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यांनी स्नायू शिथिल करण्यासाठी बोट्युलिनम विषाचे सूक्ष्म इंजेक्शन वापरण्याची पद्धत शोधली. तिला अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली. सुरकुत्या घालवण्यासाठी आज प्रसिद्ध असलेले हे औषध मुळात तिरळेपणासाठी आले. लहान कोनाच्या दुहेरी दृष्टीसाठी चष्म्यात लोलक बसवतात. आपोआप बरा होण्याजोगा पक्षाघात असेल तर तोपर्यंत एका काचेवर चिकटपट्टी लावूनही काम भागते.

अभिसरणाचा अपुरेपणा आणि व्यायाम

वाचताना डोळे पुरेसे आत न वळणे म्हणजे अभिसरणाचा अपुरेपणा. वाचायला बसल्यावर थोड्याच वेळात कपाळ दुखणे, ओळ हरवणे, अक्षरे हलल्यासारखी किंवा दुहेरी दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा मुलाची दूरची दृष्टी बहुधा उत्तम असल्यामुळे 'डोळे चांगले आहेत, अभ्यासाचा कंटाळा आहे' असा निष्कर्ष काढला जातो. पेन्सिलीचे टोक नाकाकडे आणत गेल्यास ते दुहेरी दिसू लागण्याचे अंतर मोजतात. सामान्यतः ते सहा ते दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असते.

तिरळेपणाच्या बहुतेक प्रकारांत व्यायामाचा फारसा उपयोग नाही, पण या विकारात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर बारा आठवडे चार पद्धती वापरल्या गेल्या. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली दर आठवड्यास व्यायाम आणि त्याला घरच्या सरावाची जोड मिळालेल्या गटात ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. घरी केवळ पेन्सिलीचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते, आणि खोट्या उपचाराच्या गटात ३५ टक्के. याच संशोधकांच्या २०१९ मधील पुढच्या चाचणीत मात्र, या व्यायामाने वाचनाचे आकलन खोट्या उपचारापेक्षा अधिक सुधारत नसल्याचे दिसले.

हा दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण नेत्रव्यायामाने वाचनअक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, बरी होते असा प्रचार केला जातो. २००७ सालच्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटातील निवासी शाळेचे चित्रीकरण पाचगणीत झाले होते. डिस्लेक्सिया हा भाषेच्या ध्वनी आणि अक्षरे यांची सांगड घालण्यातला दोष असून डोळ्यांचा विकार नाही. अमेरिकेतील बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदनात हेच स्पष्ट केले. एकाच मुलाला दोन्ही दोष असू शकतात. तेव्हा दोन्हींवर स्वतंत्र उपचार करावे लागतात.

नेत्रदोलन

डोळे सतत लयीत हलत राहण्यास नेत्रदोलन म्हणतात. ते जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत सुरू झाले असेल तर रंगहीनता, जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाचे विकार ही कारणे शोधतात. कधी वेगळे कारण सापडत नाही. प्रौढपणी अचानक सुरू झालेले नेत्रदोलन मेंदू, आंतरकर्ण किंवा औषधांशी निगडित असते आणि त्याची चौकशी तातडीने करतात.

जन्मजात नेत्रदोलन असलेल्या अनेक मुलांत नजरेच्या एखाद्या दिशेला हालचाल सर्वांत कमी होते आणि तिथे त्यांना सर्वांत स्पष्ट दिसते. तो कोन साधण्यासाठी मूल मान वळवून पाहते. वर्गात अशा मुलाला 'मान सरळ कर' म्हणणे म्हणजे त्याची दृष्टी कमी करणे होय. त्याला फळा सोयीच्या कोनात येईल अशा जागी बसवणे, एवढे पुरते. मान फारच वळत असेल तर स्नायूंची जागा बदलून तो कोन समोर आणणारी शस्त्रक्रिया उपलब्ध आहे.

इतिहास

तिरळेपणावर पहिला विश्वसनीय उपाय सापडण्यापूर्वी भोंदूंचा सुकाळ होता. अठराव्या शतकातील इंग्रज फिरता नेत्रवैद्य जॉन टेलर तिरळ्या डोळ्यावर नाममात्र छेद घेई आणि चांगला डोळा बांधून टाकी. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा आपोआप समोर पाहू लागतो. लोक थक्क होत, आणि पट्टी सुटण्यापूर्वी टेलर पुढच्या गावी गेलेला असे. संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर १७५० साली शस्त्रक्रिया करणारा तो हाच. याच शतकात, १७४३ साली, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी चांगला डोळा झाकण्याचा उपाय प्रामाणिकपणे मांडला.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली घनदर्शकाच्या साहाय्याने दोन सपाट चित्रांतून खोलीची जाणीव निर्माण करून दाखवली. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाचा आतला सरळ स्नायू कापून डोळा सरळ केला. पॅरिसमधील एमिल जावाल यांनी घनदर्शकावर आधारित व्यायामांची पद्धत रचली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये मेरी मॅडॉक्स यांनी त्याचे स्वतंत्र व्यवसायात रूपांतर केले. त्यास ऑर्थोप्टिक्स म्हणतात. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांना बालपणीच्या तिरळेपणानंतर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायामांनी घनदृष्टी मिळाली. त्यांचा अनुभव प्रसिद्ध आहे, पण तो अपवाद आहे, नियम नव्हे.

महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधायच्या तीस अवस्थांच्या त्याच्या यादीत दृष्टिदोषाचा समावेश आहे. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात आणि पुढील निदानासाठी जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवतात.

या रचनेतून कोण सुटते, हे पुण्याच्या ईशान्येकडील वाघोलीसारख्या गावाकडे पाहिल्यास समजते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील हे गाव दगडखाणींसाठी ओळखले जाई. आता तेथे मोठी गृहसंकुले उभी आहेत. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. संकुलांतील मुले बहुधा विनाअनुदानित खासगी शाळांत जातात आणि या कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची तपासणी पालकांच्या जागरूकतेवर अवलंबून असते. खाणी आणि बांधकामांवरील मजुरांची मुले कामाबरोबर स्थलांतर करतात. पथकाच्या भेटीच्या दिवशी ती पटावर असतीलच असे नाही. पट्टीच्या उपचाराला तर महिनोन्‌महिने त्याच ठिकाणी फेरतपासणी लागते. आर्थिक दृष्ट्या दोन टोकांची मुले अशा रीतीने एकाच फटीतून निसटू शकतात.

शाळेतील तपासणीतही एक उणीव राहते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला तर एका डोळ्याची मंददृष्टी मुळीच सापडत नाही. एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घेण्यास प्रत्येक मुलामागे एखादे मिनिट जास्त लागते. डोके कलते करणारे, उन्हात एक डोळा मिटणारे, सोपा झेल सोडणारे आणि वाचताना बोट ठेवूनही ओळ गाळणारे मूल वर्गशिक्षकाच्या नजरेस पथकाच्या कितीतरी आधी पडते.

पुढील उपचार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांत होतात. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय आणि पुणे अंधजन मंडळाचे हडपसरजवळील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय, तर मुंबईत सर ज. जी. रुग्णालय ही परिचित नावे होत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे मिळते. द्विनेत्री दृष्टीची तपासणी आणि व्यायाम हे काम भारतात मुख्यतः ऑप्टोमेट्रिस्ट करतात. या व्यवसायाला २०२१ सालच्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैधानिक ओळख दिली. चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या, पण दुसरा निरोगी असलेल्या व्यक्तीला दृष्टिअपंगत्वाच्या सवलतींसाठी आवश्यक असलेले ४० टक्के अपंगत्व भरत नाही. त्याच वेळी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसह सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत द्विनेत्री दृष्टी आवश्यक असून उघड तिरळेपणा अपात्र ठरतो. अनेक तरुणांना आपला एक डोळा मंद असल्याचे या भरतीच्या तपासणीतच, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, प्रथम कळते.